राखेत पुरलेला नळ

आमच्या जुन्या ट्रकच्या मॅनिफोल्डला चीर गेली. मॅनिफोल्ड म्हणजे इंजिनाचा सगळा धूर गोळा करून बाहेर नेणारा बिडाचा जाड नळ. तसला नवा आता कुठेच मिळत नाही. मागच्या खेपेला वेल्डिंग झाल्यावर आमच्या ह्यांनी घाईघाईने तो वाऱ्यावर गार करायला ठेवला, आणि डोळ्यांदेखत टण्णकन पुन्हा तडकला. आता शेवटचंच सांधणं. हे बिघडलं की ट्रक भंगारात.

वेल्डर गफूरभाई म्हणाले, "वहिनी, चुलीतली राख द्या. घमेलंभर नको, पिंपभर!"

सांधलेला लालभडक नळ त्यांनी राखेत पुरला, म्हणजे तो हळूहळू निवेल आणि तडकणार नाही. हे दिवसभर पिंपाभोवतीच. "जरा बघू का रे?"

"दादा, बाळंतिणीच्या खोलीत डोकावल्यासारखं काय करता? उद्या सकाळी!"

मी हसले खरी, पण मनात आलं, तापलेल्याला गार करायची आपल्याला केवढी घाई असते! माझी बहीण गेली, तेव्हा तेराव्याच्या दुसऱ्याच दिवशी मी भाचीला म्हटलं होतं, "पुरे आता रडणं." ती लगेच गप्प झाली. तेव्हापासून माझ्याशी बोलते, पण मोजकंच.

सकाळी गफूरभाईंनी नळ बाहेर काढून त्यावर पाना हलकेच वाजवला. घंटेसारखा स्वच्छ नाद आला, कुठेही चीर नाही. ह्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "डोळ्यांत धूर गेला." इंजिन तर अजून सुरूही नव्हतं!

मी सांडलेली राख गोळा करायला बसले. पिंपात तळाशी हात घातला, तर अजून ऊब होती. तसाच राखेचा हात पदराला पुसून मी भाचीला फोन लावला.