ऐकून घेणारी बाई

"बाई, तुमच्यासारखं ऐकून घेणारं माणूस नाही," असं मला अजूनही कोणीतरी म्हणतं. पूर्वी बरं वाटायचं. आता डोकं उठतं आणि मी विषय बदलते.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. वसई रोडच्या एका मराठी शाळेत मी शिकवत होते. आमच्या भागातल्या केबलवाल्याने स्वतःचं चॅनल काढलं होतं. चॅनल म्हणजे काय, तर त्याच्या दुकानावरची एक खोली, मागे धबधब्याचं चित्र असलेला पडदा, वेताच्या दोन खुर्च्या, मध्ये प्लास्टिकच्या फुलांची कुंडी आणि एक कॅमेरा. तो कॅमेरा आठवडाभर लग्नांतून फिरायचा आणि सवड मिळाली की आमच्याकडे यायचा. लग्नाच्या कॅसेटी जोडायची जी सवय, तीच आमच्या मुलाखतींना. एका प्रश्नावरून दुसऱ्यावर जाताना पडद्यावर बदामाचा आकार उघडायचा. नगरपालिकेचे अधिकारी गटारांविषयी बोलताहेत आणि बोलता बोलता बदामातून बाहेर येताहेत, हे दृश्य वसईकरांनी निमूटपणे पाहिलेलं आहे.

माझा कार्यक्रम रविवारी सकाळी असायचा. पाहुणे ठरलेले: डॉक्टर, वकील, बिल्डर, नगरसेवक. बहुतेक जण प्रश्न आधी मागून घेत. काही जण तर प्रश्नही स्वतःच लिहून आणत. शाल, श्रीफळ आणि आभार यांतच निम्मा वेळ जाई. तरी मला त्या कामाची गोडी लागली, कारण मला एक गोष्ट सापडली होती. माणसाचं ठरवून आणलेलं बोलणं संपलं की लगेच पुढचा प्रश्न विचारायचा नाही. "वा वा" म्हणायचं नाही. नुसतं त्याच्याकडे बघत शांत बसायचं. ती शांतता माणसाला सोसत नाही आणि मग तो खरं बोलतो. एका नावाजलेल्या डॉक्टरांनी अशाच शांततेत सांगून टाकलं होतं की त्यांना पेशंटची भीती वाटते. ते वाक्य अर्थातच कापलं गेलं.

केबलवाल्याला या शांततेचा राग होता. "मॅडम, गॅप नका सोडू. पब्लिकला वाटतं केबल गेली. लगेच माझे फोन चालू होतात." हे खरंच होतं. पडद्यावर दोन माणसं न बोलता बसलेली दिसली की घराघरांत लोक उठून टीव्हीच्या डोक्यावर थापा मारत. मग तो तेवढा भाग कापून टाकी, नाहीतर त्यावर बासरी वाजवी. माणूस मनातलं सांगायच्या बेताला यावा आणि वरून बासरी सुरू व्हावी! मी भांडायचे, तो "पुढच्या वेळी बघू" म्हणायचा. पालथ्या घड्यावर पाणी.

अशात एके दिवशी शाळा सुटल्यावर वसईजवळच्या सांडोर गावच्या एक बाई मला भेटायला आल्या. साठी ओलांडलेल्या, विधवा, ख्रिस्ती. त्यांची केळीची वाडी होती. हातात सुकेळ्यांचं पुडकं. आपली राजेळी केळी उन्हात वाळवून केलेली ती सुकेळी त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली आणि सरळ विचारलं, "तुमच्या त्या खुर्चीवर बसायला काय लागतं?"

मी त्यांना मावशी म्हणू लागले. त्यांचं सांगणं साधं होतं. त्यांच्या वाडीला लागून दिराची वाडी. दिराने लागवड सोडून विहिरीवर मोठा पंप बसवला होता आणि दिवसभर त्या विहिरीचं पाणी टँकरने नव्या इमारतींकडे जात होतं. तो उपसा सुरू झाल्यापासून मावशींची विहीर मचूळ व्हायला लागली होती. केळीची पानं कडेने करपत होती. मुलगे म्हणत, खारट पाणी धरून काय बसलीस, वाडी बिल्डरला देऊन टाक. कागद तयार होते, फक्त मावशींची सही बाकी होती. त्या दिराकडे जाऊन आल्या होत्या, फादरकडे जाऊन आल्या होत्या, पंचायतीतही. सगळीकडे "बघू" एवढंच.

"घरातली गोष्ट घरात दाबतात," त्या म्हणाल्या. "मी त्याला टीव्हीवर विचारणार. रविवारी चर्चमधला मिस्सा आटोपून सगळा गाव घरी येतो आणि तुम्हाला बघत बसतो. सगळ्यांसमोर विचारलं तर त्याला उत्तर द्यावं लागेल. पंप थांबला तर दोन पावसाळ्यांत माझी विहीर गोडी होईल. मोठा मुलगा म्हणतोय, तुझा कार्यक्रम होऊ दे, तोवर मी सहीचं बोलणार नाही."

मी त्यांना घरी नेलं. चहाआधी पाणी दिलं. भांडं हातात घेऊन त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे टँकर येतो?"

येत होता. नळाला पाणी नव्हतंच, आमची अख्खी इमारत टँकरवर जगत होती. मी तसं सांगितलं. त्या पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "तहान तर सगळ्यांनाच लागते." त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं.

केबलवाल्याला मी विषय सांगितला, "सांडोरची वाडी आणि तिथलं जगणं." तो खूश झाला. "कल्चर पाहिजेच आपल्याला, मॅडम. त्यांना सांगा, ते लाल लुगडं घालून या. आणि गाणं वगैरे म्हणतात ना लग्नातलं?" मावशी सणाचं लाल लुगडं नेसून आल्या. ते त्याच्यासाठी नव्हतं, गावासमोर बसायचं म्हणून होतं. कानांत सोन्याची फुलं होती. खुर्चीच्या अगदी टोकावर बसल्या.

रेकॉर्डिंगआधी आवाज तपासायचा असतो. एरवी पाहुणे "हॅलो, हॅलो" करतात. केबलवाला म्हणाला, "मावशी, टेस्टिंगला काहीतरी गाऊन दाखवा ना." त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, तेवढीच त्यांची धडधड कमी होईल. मी मान डोलावली. त्यांनी लग्नातल्या गाण्याच्या दोन-चार ओळी म्हटल्या, मग लाजून थांबल्या.

पुढची मुलाखत मी आयुष्यात घेतलेली सगळ्यात चांगली मुलाखत होती. सुरुवातीला त्या माझ्याशी शाळेतल्या मराठीत बोलत होत्या, शब्द जपून वापरत. लग्न होऊन आल्या तेव्हाची वाडी, मातीचे पाट, पानवेली, बावखलात, म्हणजे वाडीतल्या तळ्यात, साठणारं पावसाचं पाणी. मग विहिरीपाशी आल्या आणि थांबल्या. मी काही विचारलं नाही. केबलवाला कॅमेऱ्यामागून हात फिरवून "पुढे चला" अशा खुणा करत होता. मी तिकडे बघितलं नाही.

आणि मावशी त्यांच्या घरच्या बोलीत बोलायला लागल्या. त्यातलं अर्धं मला कळत नव्हतं. तरी मी अडवलं नाही, अर्थ विचारला नाही. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, कॅमेऱ्याकडे बघत होत्या आणि दिराचं नाव घेऊन बोलत होत्या. आवाज चढला नव्हता. दिराला लहानपणी आपण या विहिरीवर अंघोळ घातली, हे मला कळलं. पंप थांबवशील का, हे कळलं. हो की नाही ते सगळ्यांसमोर सांग, हेही कळलं. मग त्या पदराने तोंड पुसून म्हणाल्या, "झालं माझं."

मला रडू आलं होतं. मी आभारसुद्धा मानले नाहीत. माझं हे काम किती मोलाचं आहे, असं त्या दिवशी मला वाटलं, आणि त्याचीच आता सगळ्यात जास्त चीड येते.

रविवारी कार्यक्रम लागला. बदाम उघडला आणि त्यातून मावशी गाताना बाहेर आल्या. टेस्टिंगचं गाणं. तेच सुरुवातीला, तेच मध्ये आणि शेवटी पुन्हा तेच, हळू केलेल्या चित्रावर. मधल्या वेळात पाट, पानवेली, सुकेळी. विहिरीचं नाव आलं की बासरी. दीर नाही, पंप नाही, प्रश्न नाही. खाली पट्टी सरकत होती: पाण्याचे टँकर त्वरित मिळतील. मावशींच्या लाल लुगड्यावरून तो फोन नंबर परत परत सरकत गेला. दिराच्या विहिरीचं पाणी ज्याच्या टँकरमधून जात होतं, तोच आमचा प्रायोजक आहे, हे मला त्या पट्टीतल्या नावावरून कळलं; मावशींनी तेच नाव सांगितलं होतं.

मी तशीच उठून दुकानात गेले. केबलवाला शांत होता. "मॅडम, ते काय बोलत होत्या कोणाला कळणार होतं? तुम्हाला तरी कळलं का?"

"मला कळलं नाही म्हणून काय झालं? ज्याला कळायला हवं होतं त्याला कळलं असतं."

"तेच तर," तो म्हणाला. "आणि रविवारी सकाळी पब्लिकला टेन्शन नको असतं. बघा, किती फोन आले. सगळ्यांना गाणं आवडलं."

मी कॅसेट मागितली. त्याने खांदे उडवले. तिच्यावर आगाशीचं एक लग्न चढलं होतं.

फोन खरोखरच आले होते. सोमवारी शिक्षकांच्या खोलीतही तेच. किती गोड म्हातारी, काय ते लुगडं, आपल्या स्नेहसंमेलनाला बोलावू या. माझ्या शेजारणीने तर मला मिठी मारली. आमच्या इमारतीच्या टाकीत तेव्हा टँकरचं पाणी धो धो पडत होतं. मी एकेकीला खरी हकीगत सांगायला लागले. सगळ्यांनी ऐकलं. "अगं बाई" म्हणाल्या. मग घंटा झाली आणि आपापल्या वर्गावर गेल्या.

सांडोरला जायचं माझं धाडस होत नव्हतं. गेले तेव्हा केळीचे घड उतरवून झालेले होते. मावशी ओट्यावर बसल्या होत्या. थोरला मुलगा आतून खुर्ची घेऊन आला, मला अदबीने बसवलं, आणि बाहेर निघून गेला. मला वाटलं होतं त्या चिडतील. मी त्यासाठी तयारी करून गेले होते. केबलवाल्याचं नाव घेऊन मी वाट्टेल ते बोलले, टँकरवाल्याला शिव्या दिल्या, चॅनल सोडल्याचं सांगितलं. मी बोलत होते आणि त्या ऐकत होत्या.

"दिराने बघितलं का?" मी शेवटी विचारलं.

"बघितलं. गाणं छान झालं म्हणाला. पंप चालूच होता तेव्हा."

"आणि सही?"

"केली."

गावाने प्रश्न ऐकलाच नव्हता, मग मुलाने वाट तरी कसली बघितली? मी म्हटलं, "पण मावशी, तुमचं म्हणणं कुठे कोणी ऐकलं? कार्यक्रम झालाच नाही तुमचा. तुम्ही मुलाला तसं सांगायचं होतं."

"सांगितलं ना." त्या वाडीकडे बघत होत्या. "तो म्हणाला, आय, तू त्या बाईंपाशी सगळं बोललीस ना? मी म्हटलं, बोलले. मनातलं काही राहिलं? म्हटलं, नाही. त्यांनी नीट ऐकून घेतलं? की मध्ये मध्ये तोडलं?"

आत कुणीतरी चहाचे कप मांडत होतं. मावशी थोडा वेळ थांबल्या आणि मी सवयीने गप्प राहिले.

"मग झालं की, म्हणाला. तुझं समाधान झालं, आता सही कर. बाई, तुम्ही ऐकलं नाही असं मी म्हणाले असते, तर तो थांबला असता. पण तसं खोटं कसं बोलू?"