आत्मविश्वासाचं शिबिर आणि सकाळची गाडी

मुलींचा आत्मविश्वास वाढवायचा म्हटलं की आमच्याकडे आधी मंडप घालतात. मी बार्शीटाकळीकडच्या एका खेड्यात, दहावीपर्यंतच्या शाळेत मराठी शिकवते. मंडपाचे बांबू उतरताना दिसले तरी हल्ली माझं डोकं तापतं.

त्या वर्षी अमरावतीची कुठलीशी संस्था आली होती. आत्मविश्वास जागृती शिबिर म्हणे! जागृती कसली, कपाळाची? आठवडाभर आमच्या पोट्ट्यांनी मैदान झाडलं, रांगोळ्यांचा सराव केला, लेझीम बसवलं आणि स्वागतगीत घोकलं. भूमितीचे तास बुडाले, विज्ञानाचे बुडाले. मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, एवढं चालायचंच." यांचं सगळंच चालतं बाप्पा, अडतं ते फक्त पोरींचं.

त्यातली एक दहावीची. अभ्यासात पहिली, गळा गोड. शाळेत रोज 'सावधान' म्हणून राष्ट्रगीत तीच सुरू करायची. पण चारचौघांत बोल म्हटलं की ओढणीचं टोक चावत बसायची. तिला अकरावीला सायन्स घ्यायचं होतं, तेही अकोल्यालाच. घोडं अडलं होतं गाडीपाशी. गावातून एसटीची पहिली गाडी सुटायची दुपारी आणि कॉलेज भरायचं सकाळी. फाट्यापर्यंत पायी जायचं तर पहाटेच्या अंधारात, दोन्ही अंगांना तूर आणि तुरीत रानडुकरं. वडील काही वाईट माणूस नाही. मला तोंडावर सांगितलं त्यांनी, "मॅडम, सकायची गाडी गावात येत असन तं पोट्टी जाईन. अंधारात फाट्यावर नाई धाडत मी." गाडी नाही मिळाली तर जूनपासून ती घरात बसणार आणि दिवाळी झाली की पाहुणे बघायला येणार, हे त्या घरात ठरल्यासारखंच होतं.

शिबिराचे प्रमुख पाहुणे म्हणजे तालुक्यातलं बडं प्रस्थ. यांनी फोन केला की आगारातून गाडी सुटते, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. म्हणून मी संस्थेच्या ताईंच्या हातापाया पडून तिच्यासाठी दोन मिनिटं मागून घेतली. विद्यार्थिनीचं मनोगत. शाळा सुटल्यावर ती रिकाम्या वर्गात माझ्यासमोर उभी राहायची. आधी तोंडातून शब्द फुटेना. मी खेकसले, "अवं, मी का वाघ हाय? बोल नं जोरानं!" मग हळूहळू बोलायला लागली.

कार्यक्रमाच्या दिवशी पाहुणे अर्थातच उशिरा आले. तोवर पोट्ट्या उन्हात लेझीम धरून ताटकळल्या. समई पेटवली, पंख्यानं विझली, पुन्हा पेटवली, मग फोटो नीट आला नाही म्हणून आणखी एकदा पेटवली. पुढे सत्कार. शाल, नारळ, गुच्छ. ज्याचा सत्कार राहतो तो रुसतो, म्हणून पाहुण्यांच्या ड्रायव्हरलासुद्धा नारळ दिला. हारांचं तबक धरून उभी कोण? हीच माझी पोट्टी. मग एका गृहस्थानं 'मुलींनो, बोलायला शिका' या विषयावर इतका वेळ खाल्ला की मागच्या बाया पोरं झोपवून मोकळ्या झाल्या. पाहुण्यांनीही तेच दळण दळलं.

आणि निवेदिका गोड हसून म्हणाली, "वेळेअभावी विद्यार्थिनीचं मनोगत होऊ शकणार नाही. आपण राष्ट्रगीताकडे वळू या."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मुलींच्या शिबिरात मुलीलाच वेळ नाही! ड्रायव्हरच्या नारळाला वेळ होता मेल्यांना. तिचा चेहरा एवढासा झाला. तिनं तबक खाली ठेवलं आणि रोजच्यासारखी माइकपाशी गेली.

"राष्ट्रगीतासाठी सर्वांनी उभं राहावं. सावधान!"

अख्खा मंडप उभा राहिला. पाहुणे ताठ, ताई ताठ, मुख्याध्यापक तर काठी गिळल्यासारखे. आणि ती गाईचना. मला वाटलं, घाबरली पोर, गेलं सगळं.

"साहेब," ती म्हणाली, "आमच्या गावाले सकायची गाडी नाई. गाडी नसली तं आमी दहावीच्या पोट्ट्या जूनपासून घरी बसू. मले अकोल्याले शिकाचं हाय. तुमीच आत्ता म्हणले, बोलाले शिका. म्हून बोलून राह्यली."

माइक हिसकावायला ताईंचे हात शिवशिवले असणार. पण हलणार कशा? आमच्याकडचा माणूस दिलेला शब्द फिरवेल, दुसऱ्याचा बांध कोरेल, पण सावधान म्हटल्यावर जागचा हलायचा नाही. पाहुणेही मुकाट्यानं उभे. सगळ्यांत मागे तिचे वडील होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि हात मांड्यांना चिकटलेले, पुसायचीही सोय नाही. मला हसू आवरेना, रडू आवरेना. मग तिनं राष्ट्रगीत सुरू केलं, आणि असल्या खणखणीत आवाजात की मी तरी तिचा तो आवाज कधी ऐकला नव्हता.

गावासमोर पाहुण्यांना म्हणावंच लागलं, "होऊन जाईल."

जूनमध्ये गाडी खरंच सुरू झाली. गाडीच्या आधी फ्लेक्स आला, हे सांगायला नकोच. त्यावर पाहुण्यांचं तोंड गाडीच्या तोंडाहून मोठं, खाली 'यांच्या अथक प्रयत्नांनी'. अथक! एक फोन केला होता माणसानं.

पुढे गाडी आणल्याबद्दल पाहुण्यांचा जाहीर सत्कार ठरला. पुन्हा मंडप, पुन्हा शाल. मुख्याध्यापक मला म्हणाले, "मॅडम, त्या मुलीला बोलवा. स्वागतगीत तिच्याच गळ्यात शोभतं."

मी फोन लावला.

"कार्यक्रम कवा हाय मॅडम?" तिनं विचारलं.

"सोमवारी सकाळी."

"मंग मी कशी येईन?" ती म्हणाली. "मी तं त्याच गाडीनं कॉलेजले गेली राहीन."