एसी लावल्यावर दबणारा आवाज

आमचे हे गाड्या दुरुस्त करतात. गॅरेज घराला लागूनच, त्यामुळे लग्नानंतर आठवड्याभरात माझी नेमणूक झाली: बिनपगारी, फुल अधिकारी! काम एकच. हे बॉनेटखाली डोकं घालणार, मी स्टिअरिंगपाशी बसायचं, ह्यांनी "लाव" म्हटलं की एसी लावायचा, "बंद" म्हटलं की बंद करायचा.

एसी लागला की टक् असं वाजतं, इंजिन क्षणभर दबतं आणि सावरतं. "गार हवा फुकट येत नाही," हे गिऱ्हाइकांना सुनावतात. "इंजिनाच्याच ताकदीतून जाते ती. चढावर गाडी ओढत नाही म्हणून माझ्या नावानं खडे फोडू नका." त्या दबण्यावरून हे गाडीचं दुखणं ओळखतात. आमचं घर त्या कानांवर चाललंय.

मी मात्र गार वाऱ्यात डोळे मिटते. गॅरेजची भिंत विरघळते, रस्ता लांबत जातो. तीस वर्षांत मी शेकडो गाड्यांतून अशी फिरले, एकही गाडी जागची हलली नाही. "कुठे निघालात, बाईसाहेब?" हे चिडवतात. मी दर वेळी नवं ठिकाण सांगते.

परवा दुपारी एक टॅक्सी आली. एसी चालू असला की सिग्नलला बंद पडायची. ह्यांनी साफसफाई केली आणि "लाव" म्हणाले. मी तेव्हा दूर कुठल्याशा समुद्रकाठी होते. हात हललाच नाही.

"झकास! आता दबत नाही," हे म्हणाले. "घेऊन जाऊ दे त्याला."

मी खाडकन जागी झाले. घाईनं बटण दाबलं, तर इंजिन आचके देऊन बंद पडलं.

"अहो, मघाशी मी लावलाच नव्हता."

हे फडक्यानं हात पुसत राहिले. "दोन महिने झाले. बोललेलं कळतं गं. ते बारीक दबणं नाही कळत."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"गॅरेज बंद करा म्हणाली असतीस."

मला इतका राग आला की रडूच फुटलं. बाहेर टॅक्सीवाला, हॉर्न वाजवायला हाताशी गाडी नाही म्हणून, नुसता खाकरत होता.

"बसा आत," मी म्हटलं. "तीस वर्षं काय झोपाच काढल्या मी?"

बॉनेटपाशी मी उभी राहिले. कोणता स्क्रू किती फिरवायचा ते हे आतून सांगत होते, मी इंजिनाचा आवाज ऐकत होते. पहिल्यांदा इंजिन फार दबलं, दुसऱ्यांदा थरथरलं. तिसऱ्यांदा टक् झालं, दबलं आणि छान सावरलं. मी हात वर केला.

ह्यांनी गार वाऱ्यात डोळे मिटले होते.

"कुठे निघालात, साहेब?" मी विचारलं.

एसीच्या घरघरीत त्यांना ऐकू गेलं नाही. मी दार उघडून शेजारी बसले आणि कानाशी पुन्हा विचारलं.