निम्म्या हौदाचा मालक

"पाणी पुरलं न्हाई तर येतो नांदेडला," असं अप्पांनी यंदाच्या उन्हाळ्यात एकदाचं कबूल केलं. आई गेल्यापासून लातूरच्या घरात ते एकटेच. मी नांदेडला त्यांच्यासाठी खोली तयार ठेवून बसलेली. आणि आता नळ यायच्या आधीच हौद तळाला जात होता. मला आनंदच झाला, खोटं कशाला बोलू.

तरी डोक्यात किडा वळवळायला लागला. एकटा माणूस एवढा हौद संपवतो कसा? माझा धंदाच तसला. विष्णुपुरीला इंजिनीअरिंग करून मी घरी बसून परदेशातल्या एका बँकेचा मेनफ्रेम सांभाळते. मेनफ्रेम म्हणजे असंख्य कामं एकदम उरकणारा मोठा संगणक. त्यातल्या एकेका कामाला जॉब म्हणतात. प्रत्येक जॉबची स्वतःची मेमरी असते, ती जॉब संपला की आपोआप मोकळी होते. पण थोडी मेमरी सगळ्यांची सामाईक असते. तिथं घेतलेली जागा ज्याची त्यानं परत करायची. न करताच जॉब संपला तर जागा अडून राहते आणि तिच्यापुढे नोंद दिसते, मालक गेला. असं साचत गेलं की एक दिवस सगळा संगणकच बंद करून पुन्हा चालू करावा लागतो. गंमत अशी की ज्याला जागा मिळत नाही तोच जॉब आधी ओरडतो, म्हणून सगळे त्यालाच धरतात. चोर सोडून संन्याशाला फाशी.

मागं एकदा हे अप्पांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हंजे आपला हौदच की."

आमचा हौद अप्पांनी आणि शेजारच्या काकांनी मिळून दोन अंगणांच्या मधोमध बांधलेला. दोघांची दुकानंही शेजारी शेजारी. दोन हौद वेगळे बांधावेत हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. एक तोटी आमच्याकडे, एक त्यांच्याकडे. आता काका-काकू दोघंही गेले, मुलं पुण्यात, घराला कुलूप.

मी लॅपटॉप घेऊन लातूरला आले. बँकेतही त्या आठवड्यात सामाईक मेमरी भरत चालली होती. ठरावीक वेळानं मोकळ्या जागेची पातळी टिपायची आणि ती उतरली तेव्हा कोणता जॉब चालू होता ते बघायचं, हे माझं काम. तेच हौदाला लावलं. वेळूच्या काठीवर खडूनं खुणा केल्या आणि काठी बुडवत राहिले. अप्पांची आंघोळ, स्वयंपाक, भांडी झाली तरी पातळी जेमतेम हलली. संध्याकाळी बाजारातून येऊन बघते तर वीतभर पाणी गायब.

"अप्पा, संध्याकाळी पाणी कोण वापरतंय?"

"मी एकलाच हाय की घरात."

दुसऱ्या दिवशी दुपारी बँकेतल्या सहकाऱ्याचा फोन आला. अडलेल्या जागेचा मालक गेलाय ना, मग टाक मोकळी करून, म्हणाला. मी त्याला झाडलंच. मालक गेला म्हणजे वापरणारा गेला असं नसतं, दुसरा एखादा जॉब अजून तिथंच वाचत असेल तर? फोन ठेवला आणि संध्याकाळी खिडकीत जाऊन बसले.

अप्पा काकांच्या अंगणात गेले. तिकडची तोटी उघडून त्यांनी बेलाच्या आळ्यात पाइप सोडला. मग पेरूला, मग काकूंच्या मोगऱ्याला. माझं टाळकंच फिरलं.

"स्वतः अर्ध्या बादलीत आंघोळ करता आणि इथं पाइप सोडता? काका गेले, अप्पा. मी ही तोटी बंद करणार आहे."

ते चिडले नाहीत. "निम्मा हौद त्याचा हाय. माझ्या हिश्शाचं मी वापरतो, त्याच्या हिश्शाचं त्याच्या झाडांला. तुला बंदच करायचं असंल तर त्याला इचारून कर."

त्यांनी लपवलं काहीच नव्हतं, त्यांच्या हिशोबात ते पाणी त्यांनी वापरलेलंच नव्हतं. स्वतःचं घर सोडायची तयारी होती, पण गेलेल्या मित्राच्या निम्म्या हौदाला हात लावायची नव्हती. माझे डोळे भरून आले.

सकाळी अप्पा इष्टलिंगाच्या पूजेला बसले. समोर त्याच झाडाचा बेल. काका होते तेव्हा रोज पहाटे दोन्ही घरांचा बेल तेच तोडायचे आणि आमचा हौदाच्या भिंतीवर ठेवून जायचे. आदल्या दुपारी सहकाऱ्याला काय शिकवलं होतं ते मला तेव्हा आठवलं.

मी नांदेडचा विषय काढला नाही. टँकर मागवला. हौद भरून टँकर गेल्यावर अप्पांनी माझीच काठी आत बुडवली, वर काढली आणि ओल्या भागाच्या मधोमध अंगठा ठेवला.

"तू आणलेलं बी निम्मं त्याचंच, बाई," म्हणाले.

मी बरं म्हटलं.