काट्यावरची हरवलेली पॅकेटं

शेलूबाजारला हायवेवर माझं दुकान आहे. आधी बैलबाजारात दलाली केली, मग रेडिओ दुरुस्त केले, आता सर्किट बोर्ड बनवतो. ते बोर्ड चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, माझी सून लिहिते. हे आधीच सांगतो, कारण कापसाच्या जिनिंग कारखान्याचे शेठ कबूल करत नसत. बोर्ड नीट चालला की "भाऊ, तुमचं काम", अडला की "तुमच्या सुनेचं". ते आठवलं की अजून डोकं तापतं.

त्यांच्या वजनकाट्यावर आमचा बोर्ड बसवला होता. कापसाची गाडी चढली की वजन आणि गाडीचा फोटो तारेतून ऑफिसच्या कॉम्प्युटरवर जायचा. एखाददुसरी गाडी असली की सगळं सुरळीत. रांग लागली की फोटो अर्धवट. फोटो तारेतून लहान लहान पॅकेटं होऊन जातो, आणि त्यातली काही वाटेतच गळत होती.

"भाऊ, बोर्ड तुमचा ठेवतो," शेठ म्हणाले. "प्रोग्राम मात्र अकोल्याच्या माणसाकडून लिहून घेतो."

सुनेनं ते ऐकलं. त्या दिवशी जेवताना भाजीत मीठ नाही हेसुद्धा तिच्या ध्यानात आलं नाही. मी मुकाट्यानं खाल्लं. माझ्या स्वभावाला हे फार झालं.

घरी टेबलावर एकही पॅकेट गळेना. मी तार बदलली, सोल्डरिंग पुन्हा केलं, उपयोग शून्य. मग ती लॅपटॉप घेऊन जिनिंगमध्ये गेली. बोर्ड सरळ लॅपटॉपला जोडला तर सगळं पोचायचं. ऑफिसच्या स्विचला, म्हणजे सगळ्या तारा जिथं एकत्र येतात त्या पेटीला जोडला, की गळती सुरू.

"मामाजी, दोष आपला नाई," ती म्हणाली. "दोन यंत्रं जोडली का आधी आपसांत ठरवतात, दोघांनी एकाच वेळी बोलायचं का पाळीपाळीनं. या स्विचले कोणीतरी आधीच ठरवून ठेवलं हाय, म्हणून थो आपल्याले उत्तरच देत नाई. उत्तर नाई आलं का आपला बोर्ड पाळीपाळीनं बोलते. थो स्विच मधातच बोलते, अन् आपलं वाक्य अर्ध्यात तुटते."

"मंग आपल्याच ड्रायव्हरमंदी एक ओळ टाक. थो जसा हाय, तसे आपण. विषय खतम."

"अन् उद्या हाच बोर्ड रिठद गावच्या काट्यावर नेला, अन् तिथला स्विच उत्तर देणारा निघाला, तर तिथं गळन. तवा बी नाव माहंच येईन."

मी चिडलो. माझ्या घरात माझ्याहून हट्टी माणूस आलं होतं, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटत होतं.

शेठ स्विचला हात लावू देईनात. "थे अकोल्याच्या माणसानं बसवलं हाय." मी आवाज चढवला, त्यांनीही चढवला. शेवटी मी खांद्यावरचा रुमाल काढून त्यांच्या हातावर टाकला. बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून ठरवतात. शेठनं उमर बैल घेण्यात घालवलेली, त्यांचा हात आपोआप सरसावला. त्यांनी बोटं दाबली. मी हात लाकडासारखा ठेवला. त्यांनी पुन्हा दाबली.

"काहून गप हा, भाऊ?"

"मी गप राह्यलो तर तुमी काय समजता?"

"समजतो, सांभाळून राहा. आपला भाव आवरता घ्या."

"आमचा बोर्ड बी थेच समजला. तुमचा स्विच असाच गप हाय."

शेठनं रुमाल झटकून माझ्या खांद्यावर टाकला. मग हसले. "दलाली सुटली नाई म्हणा तुमची," असं म्हणून त्यांनी स्विचच्या कपाटाची किल्ली मागवली.

सुनेनं स्विचचं ते बंधन काढलं. दुपारी गाड्यांची रांग लागली. ती ड्रायव्हरमधल्या चुकांच्या आकड्याकडे बघत उभी होती. आकडा हलला नाही. फोटो एकामागून एक पुरे येत होते, गाडीवर झोपलेल्या माणसाच्या चपलेसकट.

"भाऊ," शेठ म्हणाले, "मागच्या काट्यावर बी हे बसवता येईन का?"

"तिले विचारा."

शेठ थोडे घुटमळले. मग तिच्याकडे वळले. "काय हो बाई, बसन का?"

"तिथला स्विच पाह्यल्याबिगर सांगत नाई."

"अंदाजानं सांगा ना."

"नाई."

माझ्याशी त्यांनी अजून घासाघीस केली असती. तिच्यापुढे काही चाललं नाही. त्यांनी तिथल्या कपाटाचीही किल्ली तिच्या हातात दिली आणि मागच्या काट्याची वाट दाखवायला स्वतः पुढे निघाले.