रतनबाईंनी आधी खेळून पाहिलं

रतनबाई खुर्चीत बसत नाहीत. ग्रामपंचायतीत आल्या की दारात चप्पल काढतात आणि आत येऊन उभ्याच राहतात. बोलता बोलता माझ्या टेबलावरची धूळ पदरानं पुसतात, खिडकीशी जाऊन येतात, आणि मी "बसा हो" म्हटलं की म्हणतात, "बसले की पाय वळवळत्यात मॅडम." मला अशा माणसांचा मनस्वी वैताग येतो. समोर कुणी येरझाऱ्या घालायला लागलं की माझ्या हातून एक ओळ धड लिहून होत नाही.

मी या गावची ग्रामसेविका, नीलांबरी. सरकारनं आमचं पदनाम बदललंय, आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं, पण गावाच्या तोंडी ते काही बसलेलं नाही. रोज नगरहून मिरजगावपर्यंत एसटीनं यायचं आणि पुढं स्कूटीवर गावात. इतकं करून आल्यावर दिवसभर कुणाचा दाखला, कुणाची घरपट्टी आणि मधेमधे रतनबाई.

रतनबाईंचं नाव तालुक्यात झालं ते आडव्या बाटलीमुळं. गावातलं दारूचं दुकान बंद करायचं तर बायकांचं मतदान घेतात. चिठ्ठीवर एक उभी बाटली असते आणि एक आडवी, दुकान नको असेल तर आडवीवर शिक्का मारायचा. रतनबाईंनी त्या वेळी वस्ती-वस्तीवर फिरून बायकांना घराबाहेर काढलं. दुकानदाराची माणसं दारात येऊन दम देऊन गेली, तरी त्या हटल्या नाहीत. बाटली आडवी झाली, दुकान गेलं. तेव्हापासून गावात काहीही बंद करायचं ठरलं की बायका आधी रतनबाईंचं दार ठोठावतात.

या वेळी बंद करायचा होता एक खेळ, मोबाईलवरचा. त्याचं नाव 'वॉरघाट'. चौघांचा एक कंपू विमानातून उड्या टाकून कुठल्याशा घाटात उतरतो, बंदुका शोधतो, बाकीच्यांना मारत सुटतो, आणि शेवटी जो कंपू उरेल तो जिंकला. गावात कॉलेजची पोरं खेळत होतीच, पण लेकुरवाळे बाप्येही खेळत होते. छबूबाईंचा थोरला मुलगा खेळात इतका गुंगला की विहिरीवरची मोटार कोरडी चालून जळाली. छबूबाई त्या दिवशी माझ्या टेबलावर हात आपटून म्हणाल्या, "मॅडम, ठराव घ्या. आमच्या गावात हा गेम न्हाई म्हंजे न्हाई."

मी सांगून पाहिलं की असा ठराव लिहिता येईल, पण फोनमधला खेळ ग्रामपंचायतीला भीक घालत नाही. ऐकतो कोण! उलट छबूबाई चिठ्ठ्या छापा म्हणाल्या, एकीवर उभा मोबाईल आणि एकीवर आडवा, बाटलीसारखंच. हे ऐकून स्टँडवरचा मोबाईल दुरुस्तीवाला रामहरी खो-खो हसत सुटला. "काकू, गेम खेळताना मोबाईल आडवाच धरत्यात. तुमची समदी मतं गेमलाच पडायची." मग मी हात वर करून मत घ्यायचं ठरवलं. सव्वीस जानेवारीच्या आदल्या दिवशी महिला ग्रामसभा असते, त्यात विषय घेतला आणि सूचक म्हणून रतनबाईंचं नाव घातलं. त्या लगेच "लिहा" म्हणाल्या.

त्या हो म्हणणारच होत्या. त्यांचं या खेळाशी वैर जुनं होतं आणि ते सगळ्या गावाला पाठ होतं. त्यांचा एकुलता एक मुलगा अंगद घरी असताना हाच खेळ खेळायचा. एका दुपारी गोठ्यात गाय अडली. अंगदचे वडील बाजाराला गेलेले. रतनबाई एकट्या वासराचे पाय धरून ओढत होत्या आणि मुलाला हाका मारत होत्या. ओसरीवरून उत्तर आलं, "थांब आई, मानूस पडलाय!" असं दोन-तीनदा झालं. वासरू मेलं. रतनबाई तशाच रक्ताळलेल्या हातानं ओसरीवर आल्या, त्याचा मोबाईल हिसकावला आणि विहिरीत फेकला. अंगद त्या दिवशी गेला तो चाकणला कंपनीत लागला. वडिलांना फोन करतो. आईशी बोलत नाही, गावी येत नाही.

ही गोष्ट रतनबाईंनी किती जणींना सांगितली असेल याला हिशेब नाही. "गोठ्यात गाय अडलीय अन् आमचे साहेब म्हनत्यात मानूस पडलाय!" बायका हसायच्या. कुणी कामात टाळाटाळ केली की गावात "का रं, मानूस पडलाय का?" असं विचारायची पद्धतच पडली. मीही एकदा शिपायाला तसं म्हणून गेले होते.

पण दुसऱ्या दिवशी रतनबाई पुन्हा ऑफिसात हजर. खिडकी ते कपाट, कपाट ते खिडकी. "मॅडम, माझं नाव एवढ्यात पक्कं करू नका."

"का? आता काय झालं?"

"बाटलीला मी नावं ठेवली तवा माझ्या बापाच्या तोंडाचा वास मला ठाव हुता. ह्या गेमचा मला वासच न्हाई. आयकीव गोष्टीवर मी कसं बोलू?"

मी वैतागून म्हटलं, "अहो, तुमचं वासरू मेलं. मुलगा तुटला. आणखी कसला वास हवाय तुम्हाला?"

त्या थांबल्या. "तेच तर हाय ना. गेम वंगाळ निघाला, तर पोरगं त्याच्यामुळं गेलं. न्हाई निघाला, तर मग माझ्यामुळं गेलं. मला रातध्याड चैन न्हाई मॅडम."

आणि त्या तडक रामहरीच्या दुकानात गेल्या. रामहरी हा खेळाचा जुना खेळाडू आणि खंदा वकील. त्याचं म्हणणं मी पूर्वी ऐकलं होतं आणि मला ते तेव्हा पटलं नव्हतं. तो म्हणायचा, "ह्या गेमला दोन्हीकडनं जोडे बसत्यात मॅडम. गाव म्हनतं मारामारीचा हाय, पोरं बिघडत्यात. अन् खेळनारे म्हनत्यात लई रटाळ हाय."

"रटाळ का?"

"आपला गडी पडला की त्याला टाकून पळता येत न्हाई ना. खांद्यावर घ्यायचा, आडोशाला न्यायचा, उठवायचा. तंवर आपली बंदूक बंद, चाल निम्मी. शेहरातली पोरं लई शिव्या घालत्यात, जित्यानं मेल्याचं वझं का वाहायचं म्हनून."

"मग तुम्ही का खेळता?"

"त्याच्यासाठीच की," तो म्हणाला आणि पुन्हा एक फुटका डिस्प्ले उचकटायला लागला.

रतनबाईंनी खेळ शिकायला घेतला तो रामहरीनं दिलेल्या जुन्या मोबाईलवर, चष्मा नाकावर आणि जीभ दातात धरून. आधी त्या नुसत्या कड्यावरून खाली पडायच्या. मग बंदूक सापडायला लागली, पण चालवायची कशी ते कळेना. कुठल्याशा मुलानं हेडफोनमधून त्यांना आईवरून शिवी दिली. रतनबाईंनी त्याला अशा शब्दांत उलट सुनावलं की तो पोरगा खेळ सोडून पळाला, असं रामहरी अजून कौतुकानं सांगतो. रोज संध्याकाळी माझी एसटी गाठायची वेळ झाली की त्या ऑफिसात येऊन निकाल सांगायच्या, आणि रोजचा निकाल वेगळा.

"वंगाळ हाय मॅडम. आज माझ्या दोन भाकरी करपल्या."

दुसऱ्या दिवशी, "तितका वंगाळ न्हाई. ती नाशकाकडची एक पोरगी हाय, मला 'आजी, इकडं लपा' म्हनते."

तिसऱ्या दिवशी पुन्हा वंगाळ, कारण खेळातले कपडे विकत घ्या म्हणून तो सारखा मागं लागतो. मी म्हटलं, "रतनबाई, एक काय ते ठरवा, मला अजेंडा लिहायचाय." त्यांना ठरवता येत नव्हतं. कधी आपणच सुनावणीला बसल्यासारख्या बोलायच्या, कधी आपल्यावरच फिर्याद आल्यासारख्या. चेहरा उतरला होता. मला राग येत होता आणि काळजीही वाटत होती.

सभेच्या आधी मी त्यांच्या वस्तीवर घरकुलाचा फोटो काढायला गेले. शेजारच्याचं घरकुल होतं, पण चहाला थांबले रतनबाईंकडं. त्या ओसरीवर भिंतीला टेकून उभ्यानंच खेळत होत्या. रामहरी त्याच्या दुकानातून त्याच कंपूत होता, त्याचा आवाज फोनमधून येत होता. गोठ्याकडून त्यांचे मालक, अंगदचे वडील, दुधाची किटली घेऊन आले. तेवढ्यात रस्त्यावर डेअरीच्या टेम्पोचा हॉर्न वाजला.

"अगं, गाडी आली. दुसरी किटली आन आतनं."

रतनबाईंनी मान वर केली नाही. फोनमध्ये रामहरी ओरडला, "काकू, मला लागली!" मी वाकून बघितलं. रतनबाईंचा बाहुला दुसऱ्या बाहुल्याला खांद्यावर घेऊन एका झाडाकडं रखडत चालला होता. आजूबाजूला धूळ उडत होती. रतनबाई दोन्ही अंगठ्यांनी त्याला पुढं रेटत होत्या.

हॉर्न पुन्हा वाजला. "अगं, ऐकू येतंय का? गाडी निघाली!"

"थांबा वो," रतनबाई म्हणाल्या, "मानूस पडलाय."

आणि त्या थबकल्या. अंगठे तसेच काचेवर राहिले. मालक अंगणात किटली घेऊन उभे होते, त्यांनी ती खाली ठेवली. फोनमधून रामहरीची "काकू? काकू?" अशी हाक येत होती. रतनबाईंनी फोन ओसरीवर पालथा ठेवला आणि त्या आत गेल्या. चहाचं आधण चुलीवर आटून गेलं. टेम्पो कधीच निघून गेला होता. मी चहा न घेता निघाले, मला तिथं थांबवेना.

महिला ग्रामसभेला शाळेची पडवी भरली होती. मी विषय वाचून दाखवला. "सूचक, सौ. रतनबाई..." असं म्हणत होते तोवर त्या पुढं आल्या.

"मी सूचक हुनार न्हाई." बायकांत कुजबुज झाली. "गेम चांगला हाय असं मी म्हनत न्हाई. माझ्या भाकरी करपल्या, दूध ऱ्हायलं. माझं वासरू मेलं, ते मी मरस्तवर इसरायची न्हाई. पन एक गोष्ट मी तुमाला हसून हसून सांगत आले, ती हसायची नव्हती. पोरगं थट्टा करत नव्हतं. त्याला वाटत हुतं मानूस पडलाय. मला वाटत हुतं गाय अडलीय. मी त्याला हाक मारत हुते, तो मला थांब म्हनत हुता. मी फोन हिरीत टाकला, पन कोन पडलंय म्हनून इचारलं न्हाई."

छबूबाई जागेवरूनच बोलल्या. आवाज चढवला नाही, त्यामुळं तो जास्त लागला. "रतनबाई, तो मानूस खरा नव्हता. वासरू खरं हुतं."

सगळ्या रतनबाईंकडं बघायला लागल्या. रतनबाई म्हणाल्या, "व्हय. वासरू खरं हुतं." आणि मागच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या.

सूचक म्हणून छबूबाईंचं नाव लागलं. हात वर झाले, बरेच झाले, ठराव पास झाला. खरं सांगायचं तर मनातल्या मनात मीही छबूबाईंच्याच बाजूची होते. खेळातला माणूस पुन्हा उठतो, वासरू उठत नाही, एवढं तर कुणालाही कळतं. तरी सही करण्याआधी मी ठराव पुन्हा एकदा वाचला, का ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

बायका पांगल्या. मी सतरंज्या मोजून शिपायाकडं दिल्या आणि बाहेर आले, तर रतनबाई शाळेच्या पायरीवर बसलेल्या. सलग दुसऱ्यांदा बसलेल्या! शेजारी मालक उभे. रतनबाईंच्या हातात मालकांचा साधा फोन होता. अंगद फक्त तोच फोन उचलतो, आणि त्या फोनचा कानाशी येणारा आवाज बिघडलाय, स्पीकरवर टाकल्याशिवाय ऐकू येत नाही.

"जाऊ का मी?" मी विचारलं.

"ऱ्हावा मॅडम," त्या म्हणाल्या. "कुनीतरी असू द्या."

रिंग वाजली. पलीकडं कारखान्याचा खडखडाट. "बोला आण्णा."

"मी बोलतीय."

खडखडाट ऐकू येत राहिला. त्यानं फोन ठेवला नाही. रतनबाई काहीतरी ठरवून आल्या असाव्यात, ते सगळं सांडलं बहुतेक.

"अंगद, त्या दिवशी जो पडला हुता, तो कोन हुता रं?"

मग खडखडाट कमी झाला, तो चालत बाहेर आला असणार.

"पार्थ म्हनून हुता. सिन्नरचा. आमी लई दिस संगं खेळायचो." तो थांबला. "मी मधीच सोडून गेलो असं वाटलं त्याला. मग परत बोलला न्हाई माझ्याशी."

रतनबाईंनी मान हलवली, जणू तो समोर होता. मालक दुसरीकडं बघायला लागले.

"आई," पलीकडून आवाज आला, आधीपेक्षा बारीक. "ते वासरू... गोऱ्हा हुता का कालवड? मी आण्णांना कधी इचारलंच न्हाई."

"कालवड," रतनबाई म्हणाल्या. "पुढचे दोन्ही पाय पांढरे हुते." एवढं बोलून त्या पायरीवरच हुंदके देऊन रडायला लागल्या. फोन त्यांच्या मांडीवर चालूच होता, आणि पलीकडून अंगद "आई, मी हाय, मी हाय" असं म्हणत राहिला.