सॉस मिळेनासा झाला तेव्हा

किल्लीवाल्या काकांना गल्लीत सगळे ‘लालकाका’ म्हणत, कारण त्यांच्या ताटात पडलेलं काहीही बघता बघता लाल व्हायचं. अंडी असोत, उकडलेले बटाटे असोत, नाहीतर सूप. झणझणीत सॉसची बाटली उपडी केल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. तरुणपणी कारखान्याच्या मेसमधलं बेचव जेवण गिळण्यासाठी ही सवय लागली. पुढे लग्न झालं, स्वतःचं दुकान झालं, मुलगी नोकरीसाठी परगावी गेली, तरी सवय काही सुटली नाही. दुकानात किल्ल्या घासायच्या मशिनशेजारीही एक बाटली असायचीच.

आणि एकाएकी त्यांचा नेहमीचा सॉस मिळेनासा झाला. मिरचीचं पीक बुडालंय, कधी येईल सांगता येत नाही, असं वाणी म्हणाला. काकांनी दुकानंच्या दुकानं पालथी घातली. दुसऱ्या कंपनीची एक बाटली मिळाली, ती गोड लागली म्हणून शेजाऱ्याला देऊन टाकली. वाण्याकडे त्यांच्यासारखीच तोंड पाडून उभी असलेली मंडळी भेटू लागली. त्यात एक टॅक्सीवाला होता, एक शाळेतल्या बाई होत्या. एरवी ओळखदेख नसलेली ही माणसं हळू आवाजात एकमेकांची चौकशी करत, जणू सगळ्यांच्या घरचं एकच माणूस आजारी होतं.

शेवटची बाटली काकांनी पाणी घालून, खळबळून संपवली. त्यानंतरच्या पहिल्या जेवणाला ताटात कोबीची भाजी होती आणि तिच्यावर काहीच नव्हतं. इतकी वर्षं आपलं रांधलेलं सॉसखाली बुडताना बघून काकू मनातून खट्टू होत. आज त्या मुद्दाम समोर येऊन बसल्या. काकांनी पहिला घास घेतला, दुसरा घेतला आणि मान खाली घालून जेवण उरकलं. पुढचे काही दिवस असेच गेले. काकांची भूक मंदावली, पण जेवणाला त्यांनी नाव ठेवलं नाही.

शेवटी काकूंनीच विचारलं, “अहो, खरं सांगा, कशी झालीय भाजी?”

“मीठ कमी आहे,” काका म्हणाले. मग धीर करून पुढे म्हणाले, “तसं सगळंच जरा कमी आहे.”

काकूंनी स्वतःच्या ताटातला घास घेतला, जणू पहिल्यांदाच. मग ताट जरासं पुढे सरकवलं.

“तुम्ही बाटली उपडी करणार हे ठरलेलंच,” त्या म्हणाल्या. “मग चव बघायची ती कुणासाठी? कधी सोडून दिलं, माझं मलाच कळलं नाही.”

काकांनी हातातला घास ताटात ठेवला. मेसमध्ये वाईट जेवण होतं म्हणून सॉस आला. घरी सॉस होता म्हणून जेवण तसं झालं. हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुकान लवकर बंद करून ते घरी आले आणि स्वयंपाकघरात स्टूल ओढून बसले. मग हे रोजचंच झालं. कांदा चिरताना त्यांची सुरी वाकडी चाले, काकू हसत. डावातलं गरम सूप फुंकून त्या त्यांच्यापुढे धरत, ते चाखून मीठ किती हवं ते सांगत. कधी जास्तच सांगत, आणि मग दोघं पाणी पीत बसत. तरी कुणी कुणाला दोष दिला नाही.

सॉस परत आला तेव्हा वाण्याने काकांसाठी आवर्जून बाटली राखून ठेवली होती. ती घेऊन ते घरी आले. आधी कोरा घास खाल्ला, “आज मस्त जमलंय” म्हणाले आणि मगच झाकण उघडलं. काकूंनी हात पुढे केला.

“इकडे द्या जरा,” त्या म्हणाल्या. “बघू तरी, एवढं काय आहे त्यात.”